पिकतं तिथे

या वर्षी लीड्सला कुणी जायचं नाही, असं ठरलं.
शिकायचं ते इथेच, कीथलीत,
कारखान्याच्या कँटीनमध्ये,
केचपच्या बाटल्या बाजूला सारून.
मिसेस शटलवर्थनी आकडे वाचले:
बावीस माणसं, बावीस तिकिटं, हॉटेलचं जेवण.
एवढे पैसे वाचले, म्हणताना
त्यांच्या आवाजात स्वतःच्याच पर्समधले वाचल्याचा आनंद.

गॅरेथ आला. मुलगाच म्हणायचा,
माझ्या थोरल्याहून दोन वर्षांनी लहान.
भिंतीवर त्याने पंपाचं चित्र पाडलं,
निळ्या बाणांनी पाणी आत, लाल बाणांनी बाहेर.
भिंतीपलीकडे तोच पंप
धापा टाकत होता.

सोय झाली, नाही म्हणत नाही.
तस्नीमला साडेतीनला शाळेच्या दाराशी पोचता आलं.
वोइतेकने चित्रातला एक बाण उलटा आहे म्हणून हट्ट धरला,
तेव्हा आम्ही सगळेच उठलो,
कप हातात घेऊन तीन नंबरपाशी गेलो,
आणि बाण उलटाच होता.
हे हॉटेलात झालं नसतं.
तिथे गालिचा होता, मशीन नव्हतं.

पण त्या गालिच्यावर मी एकदा उभी राहून
विचारलं होतं, व्हॉल्व्ह आधी कुठला बंद करायचा,
नऊ वर्षं तोच व्हॉल्व्ह बंद करत असताना.
परक्या गावात लाज कमी वाटते.
इथे पहिल्या रांगेत शटलवर्थबाई, वही उघडी.
गॅरेथ म्हणाला, काही शंका?
बावीस जणांना एकही नव्हती.

सव्वाअकराला लाइनवरून निरोप:
पाच मिनिटांसाठी दोघं द्या.
दोघं गेले. पाच मिनिटं जेवणापर्यंत पुरली.
परत आले ते हाताला ग्रीस घेऊन,
आणि हजेरीच्या कागदावर
त्यांचीही सही अख्ख्या दिवसाची.

मागे, खिडकीशी, क्लिफर्ड होलरॉइड.
एकेचाळीस वर्षं झाली. ऑक्टोबरात घरी बसणार.
मी नवी होते, इचलकरंजीची, इंग्रजी तोडकंमोडकं,
तेव्हा त्याने माझा तळहात पंपाच्या पाठीवर टेकवला
आणि म्हणाला, ऐक.
बेअरिंग जायच्या आधी आठवडाभर
पंपाला कणकण येते.
ती कागदावर येत नाही, काट्यावरही उशिराच.

गॅरेथच्या अकराव्या चित्रात लिहिलं होतं:
चालत्या मशीनला हात लावू नये.
खरंच आहे ते.
क्लिफर्डच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.
त्याने मला ऐकायला शिकवलं, तसं
घाई असली की जाळी काढून काम करायलाही शिकवलं.
ते मी वोइतेकला शिकवलं.
वोइतेकने पुढे कुणाला,
हे मी अजून विचारलेलं नाही.

पिकतं तिथे विकत नाही, आई म्हणायची.
इथे तर पीक कापणीला आलंय
आणि एक तासभर बोल, असं
क्लिफर्डला कुणी म्हटलं नाही.

शेवटी एक फॉर्म. दोन रकाने,
फायदे आणि तोटे, दोन्हीत सारख्याच ओळी.
मी तोट्यात लिहिलं, टेबलं चिकट आहेत.
पुढचं लिहायला पेन उचललं,
शटलवर्थबाई रांगेतून फॉर्म गोळा करत आल्या.

प्रोजेक्टर विझला. भिंतीवरचा पंप गेला,
पलीकडचा राहिला.
वायर गुंडाळता गुंडाळता गॅरेथ थांबला.
हा आवाज नेहमी असाच असतो का?
क्लिफर्ड कोटाची बटणं लावत होता,
साडेतीन बोटांनी, सावकाश.
मंगळवारपासून, तो म्हणाला.